पेटंटांची मोट

यंत्रांबद्दल साशंक असलेल्या गांधीजींनी एका यंत्राला मात्र सूट दिली होती. ते म्हणजे सिंगरचे शिवणयंत्र. १९२४ साली रामचंद्रन यांच्याशी झालेल्या संवादात त्यांनी त्यामागचे कारणही सांगितले. आपली पत्नी हाताने टाके घालून घालून शिणते, हे सिंगरने पाहिले आणि तिच्यावरच्या प्रेमापोटी हे यंत्र घडवले, असे त्यांचे म्हणणे होते. रामचंद्रन यांनी रास्त प्रश्न विचारला, की मग ही यंत्रे बनवायला कारखाना लागणार, त्याचे काय? तसे कारखाने राष्ट्राच्या मालकीचे किंवा ताब्यातले असावेत, असे गांधीजींचे उत्तर होते.

या संवादात मला रस आहे तो त्यात न आलेल्या प्रश्नामुळे. पत्नीप्रेमाची कथा गोड आहे, पण तिला इतिहासाचा आधार नाही. आयझॅक सिंगर हा फिरत्या नाटक मंडळ्यांमधला नट. एकाच वेळी अनेक संसार थाटणारा. १८५० साली बॉस्टनमध्ये ऑर्सन फेल्प्सच्या कारखान्यात दुसऱ्या कुणी बनवलेली, सारखी बिघडणारी शिवणयंत्रे त्याने पाहिली आणि ती सुधारण्यात पैसा आहे हे ओळखले. ते असो. न आलेला प्रश्न असा, की कारखाना कुणाच्याही मालकीचा असला, तरी त्यात ते यंत्र बनवण्याची परवानगी कुणाची? सिंगरला स्वतःच्या नावाचे यंत्र विकण्यासाठी दुसऱ्यांची परवानगी घ्यावी लागली होती. आणि ती मिळवण्यासाठी प्रतिस्पर्ध्यांनी १८५६ साली जी व्यवस्था उभी केली, तिच्यावर कायदेपंडित आणि अर्थशास्त्रज्ञ आजही भांडत आहेत.

या व्यवस्थेला इंग्रजीत पेटंट पूल म्हणतात. मराठीत 'पूल' म्हटले की ओढ्यावरचा पूल डोळ्यांपुढे येतो, म्हणून मी 'पेटंटांची मोट' म्हणते. एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेल्या कंपन्या आपापली पेटंटे एकत्र बांधतात, आपसांत मोकळेपणाने वापरतात आणि बाहेरच्यांना सगळ्या गठ्ठ्याचा एकच परवाना देतात. राजकारणात मोट बांधतात तशीच ही. आतले एकमेकांवर प्रेम करतात असे नाही.

अमेरिकेतली ही पहिली मोट शिवणयंत्रांची होती. ती का बांधावी लागली हे समजायला टाका समजला पाहिजे. हाताने शिवताना सुई कापडाच्या आरपार जाते आणि दोरा तिच्यामागून जातो. यंत्राला हे जमत नाही. यंत्राच्या सुईचे नेढे टोकाशी असते. सुई अर्धवट खाली जाऊन दोऱ्याचा फास तयार करते आणि वर येते. त्या फासातून खालचा दुसरा दोरा शटलने ओवला, की दोन्ही दोरे कापडाच्या मध्ये एकमेकांत अडकतात. ही आपली नेहमीची टीप. खालचा दोरा न घेता प्रत्येक फास आधीच्याच फासात गुंतवत गेले, की साखळी टाका होतो. सिमेंटचे किंवा साखरेचे पोते उघडताना योग्य टोक हाती लागले तर एका हिसक्यात सगळी शिवण उसवत जाते, तो हा टाका. दुहेरी दोऱ्याची टीप अशी उसवत नाही. हा फरक लक्षात ठेवावा, पुढे त्याच्यावर बरेच काही अवलंबून आहे.

टोकाला नेढे, शटल आणि दुहेरी दोऱ्याची टीप यांचे पेटंट एलियास होवने १० सप्टेंबर १८४६ रोजी मिळवले. तोच पहिला होता असे नाही. वॉल्टर हंटने १८३०च्या दशकातच तसे यंत्र बनवले होते. शिवणकाम करणाऱ्या बायकांची रोजी जाईल म्हणून त्याच्या मुलीने त्या धंद्यात पडायला नकार दिला, असे सांगतात. हंटने पेटंट घेतले नाही आणि नंतर जाग आली तेव्हा उशीर झाला होता. ज्याने सेफ्टी पिनचे हक्क ४०० डॉलरला विकून टाकले तोच हा हंट. होवचे पेटंट होते, पण त्याचे यंत्र फार वेळ सलग शिवू शकत नव्हते, कापड पुढे सरकण्याची सोय अपुरी होती. ती सोय इतरांनी केली. जॉन बॅचेल्डरने १८४९ साली आडवे टेबल आणि कापड सतत पुढे जाण्याची युक्ती, ॲलन विल्सनने फिरता हूक आणि कापड उचलून पुढे ढकलणारे दाते, सिंगरने सरळ उभी सुई आणि कापड दाबून धरणारा पाय. आज कुणाही शिंप्याच्या यंत्रावर या सगळ्यांची कामगिरी एकत्र दिसते. १८५३ साली मात्र ती एकत्र आणणे हा गुन्हा होता, कारण प्रत्येक तुकड्याचा मालक वेगळा.

मग खटले सुरू झाले. होवने सिंगरवर केला आणि १८५४ साली सिंगरला १५,००० डॉलर मोजून तडजोड करावी लागली. त्यानंतर होव यंत्रामागे २५ डॉलर घेऊ लागला. इतरही सगळे सगळ्यांच्या मागे लागले. १८५६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनी गावी एका मोठ्या खटल्यासाठी सगळे वकील जमलेले असताना, ग्रोव्हर अँड बेकर कंपनीचा अध्यक्ष ऑर्लँडो पॉटर याने तोडगा सुचवला. हाही वकीलच. सिंगर, व्हीलर अँड विल्सन, ग्रोव्हर अँड बेकर आणि होव अशा चौघांनी मोट बांधली. बाहेरच्या उत्पादकाने यंत्रामागे १५ डॉलर द्यायचे. त्यातून होवला देशात विकलेल्या यंत्रामागे ५ आणि परदेशी गेलेल्या यंत्रामागे १ डॉलर. किमान २४ उत्पादकांना परवाने दिले पाहिजेत, ही होवची अट. परवानेधारक जितके जास्त तितके त्याचे उत्पन्न जास्त. १८६० साली त्याच्या पेटंटाची मुदत वाढली तेव्हा परवान्याचा दर ७ डॉलरवर आणि होवचा वाटा १ डॉलरवर आला. यातला एक तपशील मला सगळ्यात बोलका वाटतो. जमा झालेल्या शुल्कातला काही भाग विनापरवाना यंत्रे बनवणाऱ्यांवर खटले चालवण्यासाठी राखून ठेवला जाई. म्हणजे परवाना घेणाराच न घेणाऱ्याविरुद्धच्या लढाईचा खर्च उचलत होता.

आता टीकेकडे येते. जॉर्ज मेसन विद्यापीठातले कायद्याचे अभ्यासक ॲडम मोसॉफ यांचा या शिवणयंत्र-युद्धावरचा दीर्घ निबंध २०११ साली ॲरिझोना विद्यापीठाच्या कायदा-नियतकालिकात आला. निबंध वाचनीय आहे, पात्रे जिवंत आहेत आणि प्रतिपादन स्वच्छ आहे. पेटंटांची करवंदाच्या जाळीसारखी गुंतागुंत ही आजच्या सॉफ्टवेअरच्या जगाची देणगी नाही, ती १८५० सालीही होती. आणि ती सोडवायला सरकार किंवा नवा कायदा लागला नाही, मालकांनीच आपसांत करार करून सोडवली, असे ते म्हणतात. यातला पहिला अर्धा भाग मला पूर्ण मान्य आहे. दुसऱ्या भागात गोष्ट फार लवकर संपते. लग्न लागले की पडदा टाकणाऱ्या जुन्या नाटकांसारखी. तह झाला, धंदा वाढला, सिंगर जगभर पोचले. पण तहानंतरच्या २१ वर्षांत यंत्र किती सुधारले? धंदा वाढणे आणि यंत्र सुधारणे या दोन गोष्टी आहेत. सिंगरची वाढ मुख्यतः हप्त्यांवरच्या विक्रीने झाली. त्याचा भागीदार एडवर्ड क्लार्क याने ती पद्धत त्याच १८५६ साली सुरू केली. तिचे श्रेय मोटेच्या खात्यावर टाकणे बरोबर नाही.

हा राहिलेला प्रश्न रायन लॅम्पी आणि पेत्रा मोझर या अर्थशास्त्रज्ञांनी विचारला. त्यांचा पहिला लेख २०१० साली आला. मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी नाही. असले लेख मी समीकरणे ओलांडून, तक्ते आणि तळटीपा वाचत, शब्दकोश शेजारी ठेवून वाचते, आणि त्याचा एक फायदा असा की लेखकाने नेमके काय मोजले यावरच नजर राहते. यांनी दोन गोष्टी मोजल्या. एक, शिवणयंत्रांवरची पेटंटे. मोट बांधल्यावर ती घटली, विशेषतः आतल्या सभासदांची. यावर माझी शंका लगेच उभी राहिली, आणि कुणाही वाचकाची राहावी. युद्धात तलवारी जास्त घडतात. तह झाल्यावर तलवारी कमी घडल्या म्हणून लोहारांचे कसब ओसरले असे म्हणता येत नाही. खटल्यात वापरायला म्हणून घेतली जाणारी पेटंटे थांबली असतील इतकेच. पण त्यांनी दुसरी गोष्ट मोजली, ती या शंकेला पुरून उरते. ती म्हणजे मिनिटाला किती टाके पडतात. हा आकडा वकिलाच्या हातात नाही, यंत्राच्या हातात आहे. त्या आकड्याची वाढही मोट बांधताच मंदावली, आतल्यांची आणि बाहेरच्यांचीही, आणि मोट १८७७ साली सुटल्यावरच पुन्हा वेग घेऊ लागली.

तरी एक गाठ उरते, आणि ती लेखकांना पूर्ण सोडवता आली आहे असे मला वाटत नाही. मोट १८७७ साली का सुटली? कारण तिच्यातले शेवटचे महत्त्वाचे पेटंट त्या वर्षी संपले. ते बॅचेल्डरचे, सिंगर कंपनीने विकत घेतलेले, आणि दोनदा मुदतवाढ मिळाल्याने २८ वर्षे जगलेले. म्हणजे त्या एका वर्षी दोन घटना घडल्या: कंपन्यांची युती संपली आणि पेटंटांचा अडसरही गेला. पुढच्या वेगाचे श्रेय यातल्या कुणाला? मोट नसती आणि चौघे मालक स्वतंत्रपणे आपापली पेटंटे कवटाळून बसले असते, तर परिस्थिती बरी असती की वाईट? एकाच मोटेच्या इतिहासातून याचे उत्तर मिळणार नाही. मधल्या काळात चार वर्षांची यादवीही होऊन गेली होती.

त्यांचा दुसरा निबंध २०१३ सालचा, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मोटेबाहेरच्या माणसाने दुहेरी दोऱ्याचे यंत्र बनवायचे तर जास्त शुल्क आणि खटल्याची टांगती तलवार. मग तो काय करेल? तो दुसऱ्या टाक्याकडे वळेल. पेटंटांची गणना तसेच सांगते. मोट बांधल्यावर बाहेरच्यांची बुद्धी साखळी टाक्याच्या यंत्रांकडे वळली. संशोधन थांबले नाही, ते आडवाटेला गेले. आणि ही आडवाट कनिष्ठ तंत्राकडे नेणारी होती, असा लेखकांचा निष्कर्ष आहे.

'कनिष्ठ' या शब्दाशी माझे थोडे भांडण आहे. शिवणक्लासात पहिल्याच आठवड्यात बॉबिन भरायला शिकवतात, आणि पुढची अनेक वर्षे शिवणारीचा सगळ्यात जास्त त्रागा होतो तो शिवण अर्ध्यात असताना खालचा दोरा संपतो तेव्हा. साखळी टाक्याला बॉबिनच नाही. तो ताणला जातो, त्यामुळे ताणणाऱ्या कापडाला बरा पडतो. पोत्यांना तर तो उसवतो म्हणूनच हवा असतो. घरच्या पोलक्याला तो नको, हे मात्र खरे, आणि त्या काळी बाजार घरच्या शिवणाचाच होता. दुसरे असे, की या प्रकारातले सर्वांत यशस्वी यंत्र जेम्स गिब्ज या व्हर्जिनियातल्या शेतकऱ्याने बनवले. १८५५ साली त्याने शिवणयंत्राचे एक छापील चित्र पाहिले. चित्रात फक्त वरचा भाग दिसत होता, टेबलाखाली काय चालते ते दिसत नव्हते. ते काय असेल याचा विचार करता करता त्याने स्वतःचाच फिरता हूक शोधला आणि १८५७ साली पेटंट घेतले. त्याचे कुतूहल मोटेच्या आधीचे आहे. साखळी टाक्याकडे वळलेला प्रत्येक जण मोटेने हाकललेला होता असे मानू नये. पण एखाद्या गिब्जने आपणहून जाणे आणि सगळ्या बाहेरच्यांचा ओघच तिकडे फिरणे, यातला फरक या निबंधाने दाखवून दिला, हे मोठे काम आहे.

एका मोटेवरून नियम काढता येत नाही, या आक्षेपाचे उत्तर त्याच दोघांनी २० उद्योगांच्या अभ्यासातून दिले. १९३०च्या मंदीत रूझवेल्ट सरकारने मक्तेदारीविरोधी कायद्याचा लगाम काही काळ सैल सोडला होता. त्या काळात अनेक मोटी बांधल्या गेल्या: रेल्वेच्या स्प्रिंगा, चष्म्याच्या फ्रेमा, फुलीच्या खाचेचे स्क्रू. मोट बांधल्यावर पेटंटांमध्ये सरासरी १६ टक्के घट झाली, असा त्यांचा हिशेब. हा आकडा मी फार उराशी धरत नाही. इथे मिनिटाला पडणाऱ्या टाक्यांसारखे स्वतंत्र माप नाही, त्यामुळे तलवारींची शंका परत येते. मला महत्त्वाचे वाटते ते त्यांनी केलेले पृथक्करण. ही घट प्रामुख्याने तिथे झाली, जिथे एकत्र बांधलेली पेटंटे एकमेकांना पर्यायी होती.

हाच मुद्द्याचा गाभा आहे आणि तो आपल्याकडच्या चर्चेत क्वचित येतो. पेटंटे एकमेकांशी दोन नात्यांनी बांधलेली असतात. सुईचे नेढे आणि कापड सरकवणारे दाते ही पूरक. एकाशिवाय दुसऱ्याचा उपयोग नाही. अशी पेटंटे चार जणांकडे असली तर चौघे एकत्र येण्यात सगळ्यांचे हित आहे. पण एकच काम करण्याच्या दोन वेगळ्या रीती दोन कंपन्यांकडे असतील, तर त्या एकमेकींच्या धाकाने सुधारत राहतात. त्या दोघींनी मोट बांधली की तो धाक जातो. मग कोण कशाला रात्र जागवील? महाराष्ट्रात 'सहकार' या शब्दाला आपण जरा जास्तच मान देतो. कोण कुणाशी आणि कशासाठी सहकार करतो आहे, हे विचारायचे राहून जाते. शेतकऱ्यांनी एकत्र येऊन कारखाना काढणे वेगळे, आणि दोन व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन भाव ठरवणे वेगळे.

पर्यायी वाटा बंद करणे कसे चालते याचा कागदोपत्री पुरावा हवा असेल, तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९४५ सालचा हार्टफर्ड-एम्पायर खटला वाचावा. काचेच्या बाटल्या बनवणाऱ्या यंत्रांची ही मोट. तिच्यात ६०० हून जास्त पेटंटे होती, आणि अशा यंत्रांवर त्या देशात बनणाऱ्या काचेच्या बाटल्या-बरण्यांपैकी ९४ टक्के या मोटेच्या परवान्याखालच्या यंत्रांवर निघत. निकालपत्रात कंपनीच्या एका अंतर्गत टिपणाचा उल्लेख आहे. आमच्या यंत्राचे काम वेगळ्या मार्गाने करणारी यंत्रे इतरांना विकसित करता येऊ नयेत, हा पेटंटे घेण्याचा एक हेतू, अशा अर्थाचा मजकूर त्यात आहे. शिवणयंत्रांच्या मोटेने बाहेरच्यांना साखळी टाक्याची वाट तरी मोकळी ठेवली होती. काचवाल्यांना ती वाटही बंद करायची होती.

मग मोट नकोच का? याचे उत्तर मुंबईत आहे. १९७० च्या भारतीय पेटंट कायद्याने औषधांच्या बाबतीत पेटंट फक्त बनवण्याच्या कृतीला दिले, औषधाला नाही. त्यामुळे २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीला एक साधी, पण पश्चिमेत अशक्य असलेली गोष्ट करता आली. एचआयव्हीवरची तीन औषधे, स्टॅव्युडिन, लॅमिव्युडिन आणि नेव्हिरॅपिन, तिने एकाच गोळीत बसवली. पश्चिमेत ही तीन औषधे तीन वेगळ्या बड्या कंपन्यांची होती. रोग्याच्या दृष्टीने ती पूरक होती, एकत्र घेतली तरच उपयोगी. पण मालक तीन असल्याने गोळ्याही वेगवेगळ्या. होव, विल्सन आणि सिंगर यांचे तुकडे वेगवेगळ्या कपाटांत कुलूपबंद असावेत तसे. त्याच वर्षी सिप्लाचे युसुफ हमीद यांनी सीमापार डॉक्टरांच्या संघटनेला ही त्रिऔषधी वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली. पश्चिमेतला खर्च तेव्हा १०,००० डॉलरच्या पुढे होता. तीन औषधे एका गोळीत आणण्याला कुणी 'शोध' म्हणणार नाही, पण घड्याळ नसलेल्या घरात दिवसातून दोनदा एकेक गोळी घेणे आणि वेगवेगळ्या डब्यांतल्या गोळ्या मोजत बसणे, यात जीव वाचण्या-जाण्याइतके अंतर आहे. पेटंट मोजणाऱ्या कुठल्याही तक्त्यात ही गोळी दिसत नाही. लॅम्पी-मोझर यांच्या पद्धतीवर माझा शेवटचा आक्षेप हाच.

२००५ पासून भारतात औषधालाही पेटंट मिळू लागले आणि नव्या औषधांच्या बाबतीत ती मोकळीक गेली. तेव्हा जे काम कायद्याच्या अभावाने होत होते, ते करायला मोट लागली. २०१० साली जीनिव्हात 'मेडिसिन्स पेटंट पूल' उभा राहिला. तो कंपन्यांनी आपसांत बांधलेला नाही. मालकांकडून परवाने घेऊन ते औषध बनवणाऱ्यांना, त्यातल्या अनेक भारतीय कंपन्यांना, देणारी ती त्रयस्थ संस्था आहे. डोल्युटेग्राव्हिर या औषधाचा परवाना तिला २०१४ साली मिळाला. ते औषध असलेली तिहेरी गोळी वर्षाला सुमारे ७५ डॉलरमध्ये गरीब देशांना देण्याचा करार २०१७ साली जाहीर झाला. पूरक पेटंटे आणि मोटेच्या मुठीत प्रतिस्पर्धी नाहीत, अशी रचना असली की काय होते ते यात दिसते.

पण या मोटेलाही कुंपण आहे. परवान्यात देशांची यादी असते, आणि गरीब नाहीत पण श्रीमंतही नाहीत असे कितीतरी देश तिच्याबाहेर राहतात. कोलंबिया हा त्यातला एक. यादीतल्या देशाला जी गोळी स्वस्तात मिळते तिच्यासाठी त्याला कितीतरी पट मोजावे लागत होते. शेवटी एप्रिल २०२४ मध्ये त्या सरकारने मालकाची संमती न घेता डोल्युटेग्राव्हिरचा सक्तीचा परवाना काढला. देशात विकलेल्या यंत्रामागे ५ डॉलर आणि परदेशी पाठवलेल्या यंत्रामागे १, हा होवचा हिशेब मी वर दिला आहे. कुठल्या देशाला किती भाव लावायचा हे आजही मोटेच्या करारातच लिहिलेले असते. कोलंबियाच्या रोग्याला आपले नाव यादीत का नाही, हे विचारायला त्या करारात जागा नव्हती.